बारा रुपयांचं सेंद्रिय अंडं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवायचे. म्हणून आजचा विषय कोंबडी आणि अंडं असला तरी मी बोलणार आहे ते हिशेबाबद्दल. पाककृतीच्या आशेनं कुणी आलं असेल तर आधीच माफी मागतो. संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेवर ‘सेंद्रिय अंड्यांची वाढती बाजारपेठ’ असं छापलं आहे. बाजारपेठ वाढते आहे, यात शंका नाही. दहा वर्षांपूर्वी किराणा दुकानात एकच पांढरं अंडं असायचं. आता त्याच फळीवर गावरान, देशी, फ्री रेंज, सेंद्रिय, हर्बल असे खोके मांडलेले असतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा असतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दहा-बारा रुपयांना सेंद्रिय म्हणून जे अंडं शहरात विकलं जातं, ते सेंद्रिय असणं हिशेबात बसत नाही. आणि जे खरोखर सेंद्रिय आहे, ते पिकवणाऱ्याला परवडेल असा दर मिळवून देणारी व्यवस्था आपण उभारलेली नाही.

हे समजायला साध्या अंड्यापासून सुरुवात करावी लागते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अंड्याचा दर व्यापारी ठरवत. अंडं नाशवंत, शेतकरी विखुरलेला, आणि दर पडला म्हणून कोंबडी अंडी घालायची थांबत नाही. उत्पादन खर्चाच्या खाली माल द्यायची पाळी पोल्ट्रीवाल्यांवर वारंवार यायची. तेव्हा पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांनी देशभर फिरून पोल्ट्रीवाल्यांच्या सभा घेतल्या आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजेच एनईसीसी, उभी राहिली. अंडं माझं असेल तर दरही मीच सांगणार, असा तिचा सूर होता. लोकांच्या लक्षात मात्र राहिली ती तिची टीव्हीवरची जाहिरात. आज नमक्कल, बरवाला, हैदराबाद, पुणे अशा केंद्रांचे शेकडा दर रोज जाहीर होतात. म्हणायला तो सूचक दर, पण भुर्जीच्या गाडीवाल्यापासून बेकरीवाल्यापर्यंत सगळे सकाळी मोबाइलवर तोच बघतात. श्रावणात तो पडतो, नवरात्रात पुन्हा वाकतो, थंडीत आणि नाताळच्या केकच्या दिवसांत चढतो. त्याच्याबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, काही रास्तही आहेत. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या अंड्याला निदान एक जाहीर दर आहे. सेंद्रिय अंड्याला असा दर नाही. खोक्यावर जो आकडा छापला जातो तोच त्याचा दर, आणि खोका छापणारा बहुतेक वेळा कोंबडी पाळणारा नसतो.

आता हिशेब. आकडे गोल केले आहेत आणि खाद्याचे दर उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या तालुक्यात दोन रुपये इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष तोच राहील.

पिंजऱ्यातली लेअर कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. वर्षाचं झालं ४० किलो. तेवढ्यात ती ३२० च्या आसपास अंडी देते, म्हणजे एका अंड्यामागे सव्वाशे ग्रॅम खाद्य. किलोला २८ रुपये धरले तर अंड्यात साडेतीन रुपयांचं खाद्य गेलं. आता मोकळ्यावर फिरणारी, सेंद्रिय खाद्य खाणारी कोंबडी घ्या. ती हिंडते, उकरते, थंडी-वारा अंगावर घेते, म्हणून १२० ग्रॅम खाते. वर्षाला ४४ किलो. अंडी देते २००, कारण जात वेगळी, पावसाळ्यात खाडा, दिवस लहान झाले की खाडा, पिसं झडण्याच्या काळात खाडा. म्हणजे एका अंड्यामागे २२० ग्रॅम. सेंद्रिय खाद्य किलोला ४५ रुपये धरलं तर नुसत्या खाद्याचे दहा रुपये झाले. तलंग अंड्यावर येईपर्यंतचं पाच महिन्यांचं पोसणं, राखणीची मजुरी, मुंगूस, घार आणि गावातली कुत्री यांचा वाटा, ट्रे, गाडीभाडं, फुटतूट हे सगळं मिळवा. पंधरा रुपयांच्या आत अंडं शेडच्या दारात पडत नाही. त्यावर दुकानदाराचं आणि खोकेवाल्याचं चढलं की ग्राहकाला ते वीस ते पंचवीसच्या घरात जातं. मग बारा रुपयांचं सेंद्रिय अंडं कुठून येतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

या हिशेबातला कळीचा आकडा खाद्याच्या दराचा. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो आणि त्यानंतर मोठा वाटा सोयाबीन पेंडीचा. मक्यावर इथेनॉलवाल्यांची नजर पडल्यापासून पोल्ट्रीवाला आणि डिस्टिलरी एकाच बाजारात समोरासमोर उभे आहेत. केंद्रानं २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये केला. मका पिकवणाऱ्याला तो मिळायलाच हवा, पण कोंबडी पाळणाऱ्याच्या खर्चात तो दिसणारच. सोयाबीनचं दुखणं वेगळं. आपल्याकडची पेंड येते सॉल्व्हंट प्लँटमधून. तिथे हेक्सेन नावाच्या द्रावकानं तेल काढतात, आणि ती पद्धत सेंद्रिय नियमांत बसत नाही. सेंद्रिय कोंबडीला यंत्राच्या दाबानं तेल काढलेली पेंड लागते, आणि तीही सेंद्रिय शेतातल्या सोयाबीनची. शिवाय साध्या खाद्यात जी कृत्रिम अमिनो आम्लं चिमूटभर टाकून भागतं, त्यांच्यावर सेंद्रियमध्ये बंधनं आहेत. ती उणीव भरायला पेंड जास्त घालावी लागते. म्हणजे जो घटक सगळ्यांत महाग, तोच जास्त लागतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या दाराशी घडली आणि आपल्याला तिचा पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या सेंद्रिय कोंबड्यांना लागणारी सोयापेंड कित्येक वर्षं सर्वांत जास्त जात होती ती भारतातून. माळवा आणि महाराष्ट्र हा आपला सोयाबीनचा पट्टा. इथलं सेंद्रिय सोयाबीन पेंड होऊन जहाजात चढायचं, तिकडच्या लेअर कोंबडीच्या पोटात जायचं आणि तिचं अंडं सेंद्रिय म्हणून तिप्पट भावानं विकलं जायचं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपल्या अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, देखरेखीखाली मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची मान्यता काढून घेतली आणि जुळवून घ्यायला जुलै २०२२ पर्यंतची मुदत दिली. २०२२ मध्येच भारतीय सेंद्रिय सोयापेंडीवर अँटी-डंपिंग आणि अनुदानविरोधी शुल्कही बसलं. आपल्या प्रमाणपत्रांवर विश्वास उरला नाही हे पहिल्या निर्णयाचं कारण, तिकडच्या पेंड उत्पादकांची तक्रार हे दुसऱ्याचं. तिकडे सेंद्रिय खाद्याचे दर भडकले. मला खटकतं ते वेगळंच. ही पेंड इतकी वर्षं आपल्याच कोंबडीच्या तोंडी का लागली नाही? कारण तिचा दर फेडेल असं अंडं इथे कुणी विकत नव्हतं. कच्चा माल आपला, कोंबड्या आपल्याकडे ८५ कोटी, खाणारी तोंडं आपली, आणि सेंद्रिय अंड्याचा बाजार मात्र दुसऱ्या खंडात.

बाहेरच्या बाजारांकडे बघून शिकण्यासारखं आहे. युरोपात प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्याचा पहिला आकडा कोंबडीची राहणी सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्यावरची, २ म्हणजे बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. सेंद्रियसाठी बाहेर प्रत्येक कोंबडीमागे चार चौरस मीटर जागा लागते, आत एका चौरस मीटरमध्ये सहापेक्षा जास्त कोंबड्या चालत नाहीत. आपल्याकडे पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला सर्रास साडेचारशे चौरस सेंटिमीटर येतात. हे व्याख्यान ज्या ए-४ कागदावर टाइप केलं आहे तो यापेक्षा मोठा आहे. विधि आयोगानं २०१७ साली अंड्यांच्या कोंबड्यांच्या राहणीवर स्वतंत्र अहवालच दिला. तो वाचला गेला किती, हा प्रश्न वेगळा.

अमेरिकेत एक गंमत झाली. बर्ड फ्लूमध्ये कोट्यवधी लेअर कोंबड्या गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये तिथं डझनभर साध्या अंड्यांची सरासरी किंमत सहा डॉलरच्या वर गेली. त्या काळात काही दुकानांत सेंद्रिय अंडी साध्या अंड्यांपेक्षा स्वस्त मिळत होती. सेंद्रिय अंड्यांचे सौदे तिथं बरेचसे लांब मुदतीचे असतात. खाद्याचा खर्च धरून दर आधीच ठरलेला असतो, तो रोजच्या भावाबरोबर उड्या मारत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट मोलाची वाटते. तिच्याकडे शेवटी परत येणार आहे.

आता आपल्या गावरान अंड्याकडे. रंगावर जाऊ नका. टरफल तपकिरी असणं ही कोंबडीच्या जातीची गोष्ट आहे. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित लेअर कोंबड्या पिंजऱ्यातही पाळतात, त्यांची अंडी अगदी प्रामाणिकपणे तपकिरी असतात आणि अगदी बेमालूमपणे गावरान म्हणून विकली जातात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवणारेही पकडले गेले आहेत. बलक केशरी असणं खाद्यावर अवलंबून. पिवळा मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घातला की बलक हवा तेवढा केशरी होतो. चव वेगळी लागते म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ज्याची त्याची जीभ. पण प्रथिनांच्या बाबतीत पाच रुपयांचं आणि पंचवीस रुपयांचं अंडं जवळपास सारखंच आहे. जास्तीचे वीस रुपये तुम्ही देता ते कोंबडीनं काय खाल्लं, ती कशी जगली आणि तिला कोणती औषधं दिली नाहीत यासाठी. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायातलं अँटिबायोटिक. कोंबड्यांसाठी त्याचा वापर थांबवायला सरकारला २०१९ साली बंदीचा आदेश काढावा लागला. एवढं सांगितलं म्हणजे औषधांचा मुद्दा हवेतला नाही हे पटावं. जाताजाता, सेंद्रिय कोंबडीला लस चालते. राणीखेतची लस न देता कोंबड्या मरू देणं म्हणजे सेंद्रिय पालन, असा एक समज गावोगाव ऐकायला मिळतो.

बारा रुपयांत सेंद्रियच्या जवळ जाणारं अंडं फक्त एकाच ठिकाणी मिळू शकतं, ते म्हणजे परसात. डालग्याखाली निजणारी, सकाळी उकिरड्यावर जाणारी, सांडलेले दाणे, वाळवी, किडे खाणारी कोंबडी. तिच्या खाद्याचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून माझा वरचा हिशेब तिला लागू नाही. पण ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यातली काही खुडूक बसल्यावर पिल्लांसाठी जातात, आणि उरलेली विकून जे पैसे येतात ते बाईच्या हातात राहतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या जवळपास ३२ कोटी भरली, सात वर्षांत तब्बल ४५ टक्क्यांनी वाढलेली. देशातल्या कोंबड्यांमध्ये त्यांचा वाटा ३७ टक्के, अंड्यांमध्ये मात्र १५ टक्क्यांच्या आसपास. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा अशा सुधारित जाती आल्यामुळे अंडी वाढली. पण परसात दहा कोंबड्या पोसल्या जातात म्हणून शंभर पोसता येतील असं नाही. शंभर कोंबड्या आठवड्यात परस उकरून मोकळा करतात, मग गोणी आणावी लागते, आणि गोणी आली की हिशेब पुन्हा दहा रुपयांच्या खाद्यावर येऊन बसतो. शहरातल्या दुकानात रोज शेकड्यानं येणारी गावरान अंडी परसातली आहेत, हे मानायला मी तयार नाही.

कोंबडीच्या मांसाचं थोडक्यात सांगतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोवर जातो. गावरान कोंबडा विकायला चार-पाच महिने लागतात. आषाढात त्याचा भाव चढतो तेव्हा लोक कुरकुरतात, पण त्या कोंबड्यानं खाल्लेलं खाद्य कुणी मोजत नाही. लेअर जातीच्या नर पिल्लांचं काय होतं हेही कुणी विचारत नाही. जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून दहा-वीस रुपयांना विकली जाणारी पिल्लं बहुधा तीच असतात.

दर कुणाच्या हातात आहे हे न बघता धंद्यात उतरलं की काय होतं, याचा धडा महाराष्ट्रानं २०१९ साली घेतला. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ या कोंबडीच्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याचं वेड पसरलं. पिल्लं आमच्याकडून घ्या, खाद्य आमच्याकडून घ्या, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ, असे करार झाले. सांगली, कोल्हापूर, सातारा भागातल्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून शेड बांधल्या. त्या भावाला अंडं खाणारं गिऱ्हाईक साखळीच्या टोकाला नव्हतंच. अंडी फक्त पुढच्या शेतकऱ्यासाठी पिल्लं काढायला जात होती. नवे शेतकरी यायचे थांबले आणि सगळं कोसळलं. खाद्याअभावी कोंबड्या मेल्या, गुन्हे दाखल झाले, मुख्यमंत्र्यांच्या यात्रेसमोर कडकनाथ फेकून आंदोलन झालं. कडकनाथ कोंबडीचा यात काही दोष नव्हता. तिचा दर खाणाऱ्यानं ठरवलेला नव्हता, एवढंच.

मग प्रमाणपत्र आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. निर्यातीच्या निमित्तानं आलेली एनपीओपी ही एक पद्धत, शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची तपासणी करायची पीजीएस ही दुसरी. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनंतर पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह येतं. छोट्या उत्पादकानं थेट खाणाऱ्याला विकलं तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, अंडं दुकानाच्या फळीवर गेलं की ती संपते. मला पीजीएस आणि थेट विक्री यांची सांगड योग्य वाटते. पाच-सहा बायकांचा गट, प्रत्येकीकडे शंभर-दीडशे कोंबड्या, गावातल्याच सेंद्रिय मका-सोयाबीनची घाण्याची पेंड, आणि वही. वहीत रोज तीन आकडे: खाद्य किती गेलं, अंडी किती आली, मेल्या किती. ती वही ग्राहकाला दाखवायची. ज्याच्या वहीत एका अंड्यामागे शंभर ग्रॅम खाद्य दिसेल, तो खोटं लिहितो आहे हे आता तुम्हीही ओळखाल.

जोखीम लपवून ठेवत नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला सापडला, आणि कोंबडी मोकळी असेल तर रानपक्ष्यांशी गाठ पडायची शक्यता जास्त. साथ आली की युरोपातही मोकळ्या कोंबड्या महिनोन्महिने आत ठेवाव्या लागतात. हा धोका अंड्याच्या दरात धरलेला नसेल तर पहिल्याच साथीत गट मोडतो.

आणि एक इशारा आपल्यासारख्या सभागृहात बसणाऱ्यांसाठी. पिंजऱ्यातल्या अंड्याला नाक मुरडू नका. २०२३-२४ मध्ये देशात १४ हजार कोटींहून जास्त अंडी झाली आणि तरी माणशी वर्षाला १०३ पडली. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे १८०. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं महाराष्ट्रानं २०२३ साली ठरवलं, त्यासाठी अंड्यामागे पाच रुपये धरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेवढाही निधी थांबवला. त्या पोराला आज जे अंडं मिळू शकतं ते पिंजऱ्यातलंच. त्याचं अंडं काढून घेऊन सेंद्रियची चळवळ उभी राहणार नाही, आणि सेंद्रिय अंड्याला सरकारी अनुदान मागणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी पूर्ण किंमत मोजावी.

म्हणून ज्यांना परवडतं त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या सोसायटीतल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून तालुक्यातल्या एका बचतगटाशी वर्षाचा दर ठरवा. खाद्याचा खर्च धरून, एनईसीसीकडे न बघता. तलंगा घ्यायला लागणारी रक्कम आगाऊ द्या. श्रावणात तुमच्याकडे अंडी खात नसतील तर त्या महिन्याचे पैसे कापू नका, कारण कोंबडी श्रावणातही खाते. पावसाळ्यात डझनाऐवजी आठच आली तर तक्रार करू नका. आणि वर्षातून एकदा जाऊन ती वही बघा. बाहेर या सभागृहाच्या पायऱ्यांवर तालुक्यातल्या दोन गटांच्या बायका बसल्या आहेत. त्यांच्याकडे आज अंडी नाहीत, नावं लिहून घ्यायचा कागद आहे.